शून्य पूर्णांक शून्य शून्य

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघांवर
दीडशे घडीच्या खुर्च्या.
मार्च. विस्कॉन्सिनचा मळकट बर्फ अजून दाराशी.
पडद्यावर आमची लिटल ॲश नदी, निळी,
इतकी निळी ती कधीच नव्हती,
तिच्यात लाल कायाक, पिवळी हेल्मेटं,
काठावर आइस्क्रीम खाणारं एक कुटुंब
जे मी दुसऱ्या एका गावाच्या आराखड्यातही
असंच हसताना पाहिलंय.

जुना बंधारा फोडायचा. त्याच्या जागी
ट्रकने आणलेले दगड, पाच टप्पे, पाच लाटा,
उन्हाळ्यात चाळीस हजार पाहुणे.
सल्लागार छान बोलतो.
नदीला आपण पुन्हा खेळायला शिकवू, म्हणतो.

मी तिसऱ्या रांगेत. काउंटीची पूररेषेची इंजिनिअर.
मांडीवर फाइल, फाइलमध्ये दाखला:
या बांधकामाने शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराची पातळी
शून्य पूर्णांक शून्य शून्य फुटांनी वाढेल.
खाली सहीची जागा. माझी.

आकडा खोटा नाही. मीच तपासलाय, तीनदा.
मॉडेल नदीचे चौऱ्याण्णव काप करतं
काकडीसारखे,
आणि दोन कापांच्या मधे काय होतं
ते विचारायचं नसतं.
वरून वाहत आलेलं कॉटनवुडचं अख्खं झाड
मुळांसकट या दगडांत आडवं बसलं तर?
मॉडेलला झाड माहीत नाही.

मासे मोजणारा ओरिन उठतो, टोपी हातात.
माणसाला जी लाट वाटते, म्हणतो,
ती स्टर्जनला भिंत.
मादी पंचवीस वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा अंडी घालायला निघते.
एवढंच. बसतो.

मग केड, विशीतला, दंडावर कायाकचं टॅटू:
कागद गिरणी गेली. माझ्या वर्गातले सगळे गेले.
मी या गावात राहावं
असं दुसरं एक कारण सांगा.
कुणाकडे नसतं.
खुर्च्या करकरतात.

आमच्या भाषेत संशय आला की म्हणतात
कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे मला उलटीच भीती:
पाणी मुरतच नाही कुठे.
वरच्या अंगाला नवे मॉल, त्यांचे डांबरी वाहनतळ,
नांगरलेली, नळ्या घातलेली मक्याची रानं,
सगळं एका रात्रीत खाली ढकलतात,
आणि दाखल्यात त्यांचा रकानाच नाही.

शेवटी लॉर्ना व्हेटरली. वॉटर स्ट्रीटवरचं लाँड्रोमॅट तिचं.
भाषण नाही आणलं तिने.
भाच्याच्या मदतीने एक दार आणलंय,
कोठीचं, बिजागऱ्यांसकट.
दारावर पेन्सिलीच्या रेघा:
डीन, चार वर्षं. डीन, सात. १९९३.
डीन, अकरा. त्याच्यावर चार बोटं, २००८.
डीन, सोळा. २०१९.
मुलगा वाढायचा थांबला, ती म्हणते,
आणि माइक चुकीच्या बाजूने बंद करते,
त्यामुळे पुढचा सुस्काराही सगळ्यांना ऐकू येतो.

मतदान पुढच्या महिन्यावर जातं.
कॉफीचा थर्मास कुणीतरी सांडतं.

बाहेर मी दाराची एक बाजू धरते.
वाटलं त्याहून जड. लाकूड अजून
आतून कुठेतरी ओलं असावं.
पिकअपला टेकवून उभं करतो तेव्हा
मी नकळत त्याला पाठ लावते,
लहानपणी लावायचे तशी.
२०१९ माझ्या भुवयांवरून जातं.

लॉर्ना माझ्या फाइलकडे बघते, मग माझ्याकडे.
रागाने नाही, शिंपी मापाला बघतो तसं.
तुझं ते शून्य, विचारते,
कुठे मारू त्याची रेघ?

आणि खिशातून पेन्सिल काढून देते.
आखूड. टोकाला दातांचे ठसे.